कागदावर मी दोनदा

माझ्या नातीने मला कागदावर घोड्याच्या जागी बसवलं. एकदा बसवून भागलं नाही, दोनदा बसवलं, आणि दोन्ही वेळा लाल रंगात. तो राग अजून माझ्या डोक्यातून उतरलेला नाही. उतरावा म्हणून मी काही करतही नाही.

पाड्यावर लोक विचारतात, म्हाताऱ्याने तांबड्या घोडीची दोरी का टाकली, पोशेऱ्याला लेकीकडे जाणं का बंद झालं, नातीचं ठरलेलं लग्न का मोडलं. जो तो आपल्या मनाचं सांगतो. एकाने तर सांगितलं की घोड्याने माझ्या डोक्यात लाथ घातली. तेव्हा मीच सांगितलेलं बरं. चौथीत शाळा सुटली, पण लिहायला मी विसरलो नाही.

जव्हारहून दाभोशाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वर एक माळ आहे. तो मुंबईच्या एका शेठने घेतला आणि तिथे घोड्यांचा फार्म काढला. रेसचे घोडे इथे पळत नाहीत, इथे जन्मतात. वाढले की विकले जातात, मग पळतात कुठेतरी लांब. मी पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं होतं, शेठ, ही जमीन भाताची आणि नागलीची, इथे घोड्याचे खूर कुजतील. शेठ म्हणाला, काका, इथली हवा थंड आहे. हवा काय घोडे खातात? पण मी राहिलो. पगार वेळेवर मिळायचा, आणि खरं सांगायचं तर घोडा हे जनावर मला आवडलं. बैलासारखं मुकाट सोसत नाही. मनात नसलं की तोंडावर नाही म्हणतं.

माझं काम घोड्या धरायचं. घोडी घोड्याला दाखवायची असते तेव्हा तिची दोरी मी धरतो. हे काम सोपं नाही. घोडा अंगावर येतो तेव्हा एक लाथ चुकीची बसली तर लाखमोलाचा घोडा कायमचा लंगडा होतो आणि माणूस जागेवर जातो. म्हणून आधी घोडीला विचारायची पद्धत असते. फार्मवर एक साधा घोडा आहे, त्याला टीझर म्हणतात. त्या बिचाऱ्याला शिंगरं होऊ देत नाहीत, त्याचं काम फक्त विचारण्याचं. मध्ये गादी ठोकलेली जाड फळी, पलीकडे तो, अलीकडे घोडी. तो हुंगतो, खिंकाळतो. घोडीने कान पाडून फळीला लाथा घातल्या की तिला परत न्यायचं. शेपूट बाजूला करून शांत उभी राहिली की मगच खरा घोडा आणायचा. दुसऱ्या फार्मवर म्हणे घोडीच्या नाकाला फास आवळून तसंच उरकतात. आमच्याकडे मी ते कधी होऊ दिलं नाही. माझ्या हातातली घोडी आजवर सुटलेली नाही आणि माझ्या हातात कुणी जबरदस्तीने उभीही राहिलेली नाही.

त्यातली तांबडी माझी सगळ्यात लाडकी. पळताना पाय दुखावला म्हणून फार्मवर आली. तिला चालती केली ती मी. दुसऱ्या कुणाच्या हातून ती दाणाही नीट खायची नाही.

आता नात. माझ्या मुलाची मुलगी. मुलगा आणि सून वसईला कामाला असतात, ती माझ्याकडेच वाढली, जव्हारच्या कॉलेजात शिकली. शेठला ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारं कुणी हवं होतं तेव्हा तिचं नाव मीच सांगितलं. शेठला म्हटलं, पोरगी हुशार आहे, माझ्यासारखी. ते ऐकून शेठ का हसला ते मला तेव्हा कळलं नाही.

आधी ती दाणा आला किती, गेला किती एवढंच बघायची. मग शेठने तिला वंशावळीचं काम शिकवलं. कुठल्या घोडीला कुठला घोडा द्यायचा हे आधी शेठ आणि त्याचे दोस्त चहा पिता पिता ठरवायचे. गेल्या हंगामात ज्याची पोरं जिंकली त्या घोड्याच्या मागे सगळे. नातीने ते बंद पाडलं. प्रत्येक घोडीची आई कोण, आईची आई कोण, बाप कोण, त्याचा बाप कोण, कोण किती लांब पळायचा, कोणाचे पाय लवकर गेले, कोणाचा श्वास घरघरायचा, सगळं ती शोधून काढायची. दुसऱ्या फार्मना फोन लावून विचारायची, त्या घोड्याच्या पोरांचे गुडघे कसे आहेत? जसं काही सोयरीकच जुळवते आहे. लिलावाच्या पुस्तकात मोठी रेस जिंकलेल्यांची नावं जाड अक्षरात छापतात. शेठ आधी ती जाड अक्षरं बघायचा आणि घोडी बघायचाच नाही. पोरगी त्याला म्हणाली, शेठ, जाड अक्षरं आजीची आहेत, घोडी बघा ना, तिला आजीचं काही आलंय का. शेठने ऐकलं. मला तिचा अभिमान वाटला होता. वाटला होता, एवढंच लिहितो.

पहिलं भांडण अंगणात झालं. ती जेवताना दोन घोड्यांविषयी बोलत होती.

मी म्हटलं, "म्हणजे भावंडंच की."

"नाय आजा. भावंडं नव्हेत."

"बाप एक ना?"

"बाप एक. पण घोड्यांत आई एक असली तरच भावंडं म्हणतात. बाप एक असला तर काहीच म्हणत नाहीत."

"का? बाप काय वाऱ्यावरचा?"

"एका घोड्याला एका वर्षात ढीगभर पोरं होतात. बाप धरून भावंडं म्हटलं तर अख्खी रेस भावाभावांचीच व्हायची."

माझी बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "बरंच आहे की. जी नऊ महिने वागवते तिचं नाव राहतं."

"अकरा महिने, आजी. घोडीला अकरा."

"अगं बाई! मग तर तिचंच राहायला हवं."

दोघी हसत बसल्या. मला हसू आलं नाही. आमच्यात कूळ बापाचं. एका कुळातली सगळी भाऊ-बहीण, मग ती कितीही लांबची असोत. चुलत म्हणजे सख्खंच. तिथे सोयरीकीचं नावही काढायचं नाही. मामाची मुलगी मात्र दुसऱ्या कुळाची, ती चालते. चालते काय, भाच्याचा तिच्यावर पहिला हक्क. मी स्वतः मामाची मुलगी केली. ही भाकरी थापत होती तीच.

आणि म्हणूनच मी शब्द दिला होता. माझी लेक पोशेऱ्याला दिली आहे. तिला मुलगा, मला ही नात. दोघं लहान असताना मी घरच्या देवापुढे, चार माणसांत लेकीला म्हटलं होतं, माझ्या मुलाची मुलगी तुझी सून. लेकीने माझ्या पाया पडून शब्द घेतला. सगळ्या पोशेऱ्याला ते माहीत. मी दिलेला शब्द मागे घेतलेला कुणी पाहिलेला नव्हता. यंदा भात घरात आल्यावर लेकीचा निरोप आला, आता उशीर नको. मी सांगितलं, उन्हाळ्यात उरकू. नातीला काही विचारलं नाही. विचारायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

तिला हे कळलं तेव्हा ती काही बोलली नाही. मी समजलो, झालं.

मग घोड्यांचा हंगाम लागला. एक दिवस शेठ मुंबईहून आला. फार्मच्या अंगणात टेबल मांडून तो आणि नात कागद बघत बसले होते. शेठने मला हाक मारली.

"काका, तांबडी या वर्षी काळ्याला द्यायची. तुमच्या नातीने काढलंय. फर्स्ट क्लास जोडी आहे."

मी विचारलं, "काळा कोणाचा?"

नातीने सांगितलं. तांबडीच्या बापाचा बाप आणि काळ्याच्या बापाचा बाप एकच. तो घोडा म्हणे पावसातल्या चिखलातसुद्धा पळायचा, अजून त्याच्यासारखा झाला नाही. त्याचं नाव शिंगराच्या कागदात दोन्ही बाजूंनी यावं म्हणून ही जोडी. दोन्हीकडून आलं की गुण घट्ट बसतो, असं तिचं म्हणणं. खोडही घट्ट बसते, म्हणून तिने त्याची सगळी पोरं, नातवंडं धुंडाळली होती. पायाचा, श्वासाचा दोष फार सापडला नव्हता. आता हा धोका घ्यायला हरकत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे ही चुलत भावंडं."

शेठ म्हणाला, "घोड्यांत असं नसतं, काका."

"घोड्यांत नसेल. दोरी धरणारा माणूस आहे. दोघांचं कूळ एक. मी धरणार नाही."

शेठ हसायला लागला. "काका, कूळबीळ काय! ते तुमच्यात. त्यांना काय कळतं?"

"त्यांना कळत नाही म्हणूनच धरायला माणूस लागतो."

शेठचं हसणं थांबलं. "म्हणजे तुम्ही मला माझ्या फार्मवर शिकवणार?"

"शिकवत नाही. दोरी ठेवतो." आणि मी दोरी त्याच्या टेबलावर, त्या कागदांवर ठेवली. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेल्या दगडाशेजारीच.

मला वाटलं होतं, नात मध्ये पडेल. ती कागदाकडे बघत होती. मग मान वर करून म्हणाली, "आजा, चुलत चालत नाही म्हणतोस. आतेभाऊ चालतो?"

"चालतो. कूळ वेगळं."

"बरं," एवढंच म्हणाली.

शेठने मला घोड्यांवरून काढून गवत कापायला लावलं. गवत कापायला! माझ्या जागी ज्याला दोरी दिली त्याला घोडीच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं तेही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलायच्या वेळी मी ओट्यावर विळ्याला धार लावत बसलो होतो. नात कामावरून आली आणि माझ्यासमोर कागद ठेवला. घोड्यांचा असतो तसाच, चौकोनांचा. डावीकडे एक चौकोन रिकामा. त्यातून दोन फुटलेले, त्यातून चार, त्यातून आठ.

"हे शिंगरू," तिने रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. "अजून झालं नाही. ही त्याची आई. मी. हा बाप, आतेभाऊ. माझा बाप, त्याचा बाप तू. इकडे आतेभावाची आई, म्हणजे आत्या. तिचा बाप कोण?"

मी विळा दगडावर फिरवत राहिलो.

"तू. खाली परत तू. आजी पण दोनदा. कॉम्प्युटर दोनदा आलेलं नाव आपोआप लाल करतो, मी नाय केलं. काळ्याच्या आणि तांबडीच्या शिंगरात एकच आजा लाल आहे. इथे आजा पण लाल, आजी पण लाल. दुप्पट. आणि तू आणि आजी मुळात मामे-आते, ते मी अजून धरलंच नाय."

माझ्या हातातला विळा तसाच राहिला. माझं नाव छापलेलं होतं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ज्या जागी ते त्या चिखलात पळणाऱ्या घोड्याचं नाव लिहितात त्या जागी.

"मी घोडा आहे का गं?" मी ओरडलो तसं शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

"नाय."

"मग मला याच्यात का घातलं?"

"कारण तू आहेस. दोन ठिकाणी."

मी कागद फाडला. चार तुकडे केले. ती म्हणाली, "कॉम्प्युटरमध्ये आहे तो."

बायको आतून बाहेर आली. तिने तुकडे गोळा केले आणि आपलं नाव कुठलं ते नातीला विचारू लागली. मी तिच्यावरही ओरडलो. ती म्हणाली, "ओरडा. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव कुठे छापलंय, ते तरी बघू द्या."

मग मला एक सापडलं आणि मला वाटलं, आता पकडली हिला. मी म्हटलं, "काल तूच शेठला सांगत होतीस, दोन्हीकडून आलं की गुण घट्ट बसतो. घोड्याला चांगलं, मग तुला वाईट कसं? माझा गुण वाईट आहे का?"

ती माझ्या शेजारी बसली. रागावलेली नव्हती, त्याचाच मला जास्त राग आला.

"आजा, गेल्या साली वाकड्या पायाचं शिंगरू झालं. आठवतं?"

आठवत होतं. पुढचे दोन्ही पाय आत वळलेले. उभं राहायला धडपडायचं. डॉक्टरने पट्ट्या बांधल्या, उपयोग झाला नाही. एक दिवस टेम्पो आला. त्याला आईपासून तोडून टेम्पोत चढवलं ते मीच, कारण माझ्याबरोबर ते गेलं असतं. गेलं. कुठे ते शेठने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याची आई तीन दिवस कुंपणापाशी ओरडत होती.

"शेठ धोका घेतो," ती म्हणाली, "कारण बिघडलं तर त्याला टेम्पो बोलावता येतो. मी कुणाला बोलावू?"

मी उठून नदीकडे गेलो. जेवायला परत आलो नाही. नदीवर बसून शिव्या घातल्या, कॉम्प्युटरला, शेठला, जव्हारच्या कॉलेजला. पाण्याला काय फरक पडतो. परत आलो तेव्हा बायको जेवण झाकून बसली होती. मी विचारलं, "आपली सगळी धडधाकट झाली ना?" ती म्हणाली, "झाली ती झाली." आमचं पहिलं मूल जगलं नाही. त्याविषयी आम्ही दोघं कधी बोलत नाही. त्या दिवशीही बोललो नाही. ते कशाने गेलं कुणास ठाऊक. तेव्हा पोरं कशानेही जायची. नातीच्या कागदाचा त्याच्याशी संबंध लावू नये, असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी बदलणार नाही.

मी ठरवलं होतं, शब्द राखायचा. कुळाचा कायदा आहे, तो कॉम्प्युटरच्या आधीचा आहे. घोड्यांच्या बाबतीत मी दोरी टाकली, आणि लग्नाच्या बाबतीत दोरी सोडणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच कायद्याने. माझ्या बोलण्यात कुठे खोट नव्हती. अजूनही नाही.

पण मग तांबडीला टीझरसमोर आणलं.

मी कुंपणापलीकडे गवत कापत होतो. मुद्दाम तिथेच कापत होतो, हे कुणी सांगायला नको. नवा माणूस तिला घेऊन आला. दोरी आखूड धरलेली, मान खेचलेली. टीझर फळीवरून खिंकाळला. तांबडीने कान मागे टाकले, वळली आणि फळीला अशी लाथ घातली की गादीतला भुसा उडाला. पुन्हा आणली. पुन्हा लाथ. नव्या माणसाने नाकाच्या फासाची काडी उचलली, तसा मी कुंपणावरून ओरडलो, "हात लावशील तर बघ!"

शेठ तिथेच खुर्चीवर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग घोडीकडे. म्हणाला, "राहू दे. आज नाही म्हणते. परत घेऊन जा. चार दिवसांनी परत विचारू."

माजावर आलेली नव्हती, एवढंच होतं. मला ते कळतं, मला कुणी शिकवायला नको. त्यात कुळाचा काही संबंध नव्हता.

नात ऑफिसच्या दारात उभी होती. चालत कुंपणापाशी आली. मला वाटलं, आता विळा दाखवून हाकलावी. तिने गवताची एक काडी उचलली, दातात धरली, आणि म्हणाली, "तिला विचारलं. नाय म्हणाली. परत नेली." आणि गेली.

एवढंच. वळून पाहिलं नाही. ही सवय तिला कुणाकडून आली ते सांगायला कागद लागत नाही.

मला इतका राग आला की विळा दगडावर आपटला, त्याची धार गेली. ज्या कामाचा मी जन्मभर अभिमान बाळगला, ते काम उचलून पोरीने माझ्या तोंडावर मारलं. ज्याच्या हातात कुठलीही घोडी जबरदस्तीने उभी राहिली नाही असा मी एकच माणूस, हे मीच दहा जणांना सांगत आलेलो. त्या संध्याकाळी मी विळ्याला परत धार लावत बसलो.

सकाळी पहिली जीप धरली. मोखाड्याला उतरलो, तिथून दुसरी जीप पोशेऱ्याला. लेक शेतात राब पसरत होती, भाताच्या रोपांआधी जमीन भाजायला. वाळका पाला, शेण, फांद्या, सगळं बांधाला लावून ठेवलेलं. मला लांबून पाहिलं तशी हसत आली. हात शेणाने भरलेले.

"बा! सांगून तरी यायचं. कोंबडी कापली असती. तारीख घेऊन आलास ना?"

मी म्हटलं, "शब्द परत घ्यायला आलोय."

तिला कळलंच नाही. मी परत सांगितलं. ती हात धुवायला गेली नाही, तशीच उभी राहिली.

"कशासाठी? माझ्या पोरात काय कमी आहे?"

"काही नाही. चांगला आहे."

"मग त्या फार्मवरच्या कागदासाठी? ऐकलंय मी. सगळ्या मोखाड्यात झालंय. तुझ्या नातीने तुला घोडा केलाय म्हणे."

"कागदासाठी नाही. कागद मी मानत नाही."

"मग?"

"पोरगी नाही म्हणते."

लेक माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

"मला इथे देताना तू मला विचारलं होतंस, बा?"

मी म्हटलं, "तुझ्या वेळचं तुझ्या वेळी. तेव्हाचा मी वेगळा होतो."

"तेव्हाचा तू असाच होतास. आणि तेव्हा मी पण नाही म्हटलं होतं. आईला म्हटलं होतं. तुझ्यापर्यंत आलं नाही, एवढंच."

मला हे माहीत नव्हतं. बायकोने कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, "तुझं काही वाईट झालं का?"

"वाईट झालं नाही म्हणून विचारायचं नसतं का?" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की बाजूच्या शेतातली माणसं उभी राहिली. "मला न विचारता दिलंस तरी मी आले, आणि तुझा शब्द राखला. आता तू सगळ्या गावासमोर माझ्या घरी येऊन शब्द परत घेतोस. जा. चहासुद्धा देणार नाही."

"मागितला कोणी?" मी म्हटलं.

ही माझी लेक. कुणावर गेली ते तुम्हीच बघा. मी उन्हात जीपची वाट बघत बसलो. तहान लागली होती. ज्या घरात मी लेक दिली त्या घराचा माठ समोर दिसत होता, आणि मी उठलो नाही. ती राब पसरत राहिली, माझ्याकडे पाठ करून, पाला असा आपटत की मला लांबून ऐकू यावं. जीप आली तेव्हा तिचा मुलगा पळत आला. माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "आजा, खरं सांगू? मी पण नाय म्हणणार होतो. मला कुणी विचारलं नाय."

मी त्याला चांगल्या चार शिव्या घातल्या. पण पाणी प्यालो.

तेव्हापासून लेक माझ्याशी बोलत नाही. बायकोला फोन करते, माझी चौकशी करत नाही. बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असतो तर मीही केली नसती.

तांबडी पुढे माजावर आली. टीझरसमोर शांत उभी राहिली, काळ्याला दाखवली, लागली. दोरी नव्या माणसानेच धरली. मी धरली नाही, कुंपणापाशीही उभा राहिलो नाही. मग शेठने मला निरोप पाठवला की घोडी दाणा खात नाही, काका, राग पुरे, परत या. मी गेलो ते घोडीसाठी. शेठला स्पष्ट सांगितलं, शिंगरू होईल तेव्हा मी हजर असेन, पण ही जोडी मला मान्य नव्हती आणि नाही. उद्या ते शिंगरू वाऱ्यासारखं पळालं तरी मान्य नाही. शेठ म्हणाला, "पळालं तर तुम्हाला पेढे तरी मान्य होतील ना?" मी दाण्याची बादली उचलून तांबडीकडे गेलो.

आता तांबडी गाभण आहे. पावसात तिचे खूर मी रोज कोरडे करतो. कुजतातच, मी आधीच सांगितलं होतं.

नात परवा तिच्या कागदांसह तबेल्यात आली. तांबडीच्या पोटावर हात फिरवला, म्हणाली, "आजा, तो कागद कॉम्प्युटरमधून काढून टाकू का? तुझा?"

मी खूर घासत होतो. मी म्हटलं, "माझं नाव पुसतेस?"

"तुलाच राग येतो ना."

"राग येतो म्हणून पुसायचं नसतं. राहू दे. पण एकदाच लिही. आणि तो लाल रंग काढ."

"आता एकदाच येतोस. रंग आपोआप गेला."

मी वर बघितलं नाही. "दुसरी बाजू?"

"रिकामी आहे."

"तिथे कोण बसणार ते ठरवताना मला विचारायचं. नीट सांगतो. कूळ मी बघणार."

"विचारीन," ती म्हणाली, आणि दाराकडे गेली. तिथून म्हणाली, "ऐकेन असं नाय."

मी ब्रश फेकून मारला. लागला नाही. तांबडीने कान मागे टाकले, आणि मला तिला शांत करत बसावं लागलं.